व्ही-क्रॉसला किती उचलायचं?

पऱ्ह्या, म्हणजे छोटा ओढा, ओलांडला की आमच्या बागेच्या वाटेवर जांभ्याचा एक चढ लागतो. पूर्वीच्या बैलगाड्यांनी दोन्ही बाजूंना चाकोऱ्या पाडलेल्या, आणि मध्ये कातळाची उंच पाठ तशीच राहिलेली. रिकामी गाडी तिथून सहज जाते. मे महिन्यात हौद्यात आंब्याचे वीस क्रेट चढले की मात्र बरोबर तिथेच पोटाखालून खर्रर्र असा आवाज येतो, आणि तो आवाज माझ्या पोटात जातो.

गाडी 2017 ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, मागे उघडा हौदा असलेला पिकअप, फोर बाय फोर. बाबांनी घेतली, आता बाग आणि गाडी दोन्ही मी बघते. राजापूर तालुक्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. बारसूचा सडा ज्यांनी पाहिलाय त्यांना आमची वाट वेगळी सांगायला नको. कंपनीने ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, 225 मिलिमीटर दिलाय, तो कागदावर भरपूर वाटतो. पण क्रेट भरल्यावर मागची बाजू किती बसते ते मी टेपने मोजलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, आधी रिकामी असताना आणि मग भरल्यावर. तब्बल 70 मिलिमीटरचा फरक. तेव्हा ठरवलं की गाडी उचलायची, म्हणजे सस्पेन्शन बदलून तिची उंची वाढवायची.

आणि पहिल्यांदा चुकीची उचलली. तेही सांगते, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

जवळच्या शहरातल्या एका दुकानात गेले. त्यांनी विचारलं, "किती इंच पाहिजे?" मी म्हटलं, "दोन." पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती, मागे पाटा (पात्यांची स्प्रिंग) आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा आणि लांब यू बोल्ट. अर्ध्या दिवसात गाडी तयार. दिसायला फार सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. पण स्पेसरने स्प्रिंग बदलत नाही, शॉकअप बदलत नाही, फक्त सगळं खाली ढकललं जातं. शॉकअप खालच्या आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या आडव्या दांड्यावर, चाकापासून बराच आत बसतो, त्यामुळे वर इंचभराची चकती घातली तरी चाकापाशी जवळजवळ दोन इंच उंची मिळते. तेवढंच चाक खड्ड्यात जास्त खाली लोंबतं. आर्मच्या टोकाचे बॉलजॉइंट आणि पुढची चाकं फिरवणारे एक्सल ज्या कोनात कधी जायचे नाहीत त्या कोनात जातात. खड्ड्यातून चाक सुटलं की ठक्क असा आवाज यायचा, कोणीतरी खालून घण मारल्यासारखा.

चार महिन्यांनी गाडी धुताना पुढच्या डाव्या चाकाच्या रिमला आतून हात लावला तर बोटं काळी झाली. घट्ट, चिकट ग्रीस, रिमच्या आत गोल पट्टा ओढल्यासारखं उडालेलं. वाकून पाहिलं तर एक्सलच्या रबरी बूटला घडीवर बोटभर चीर. त्यातून आमच्या वाटेची लाल धूळ आत गेलेली. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की कट् कट् कट्. बूट बदलून भागलं नाही, जॉइंटही गेला. वर पुढच्या टायरची आतली कड खाल्लेली. तळवा एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट दिशेने फिरवला तर करवतीसारखा लागायचा. आणि हायवेवर गाडी सरळ धावेना, स्टिअरिंग सतत सावरत राहावं लागायचं. दुकानवाल्यांनी उंची दिली आणि अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा, विषयच काढला नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही.

आमच्याकडे बागेत काका आहेत, बाबांच्या आधीपासूनचे. गाडी त्यांना चालवता येत नाही, पण त्या वाटेचा प्रत्येक दगड त्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "कातळाला चुना फास गो. गाडीच सांगेल कुठे लागतं ते." फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी चुना घरात असतोच. पातळ कालवला, केरसुणीने त्या पाठीवर फासला आणि भरलेली गाडी सावकाश वरून नेली. वर सपाटीवर चाकांना दगड लावून आम्ही दोघं खाली वाकलो.

तीन ठिकाणी पांढरं. पुढच्या स्किड प्लेटची, म्हणजे पोटाखालच्या संरक्षक पत्र्याची, खालची कड, मागच्या डिफरन्शियलच्या हौसिंगचा (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा) गोल तळ, आणि सगळ्यात जास्त कुठे, तर मागे लोंबणारा टोइंग हूक.

मी अर्धा तास तिथेच बसून होते. दोन इंच उचललेल्या गाडीचा डिफरन्शियल तरीही घासला होता, आणि विचार केला तर ते अगदी स्वाभाविक आहे. मागचा ॲक्सल अख्खा आडवा असतो, चाकांना जोडलेला. स्प्रिंग कितीही उंच करा, चौकट वर जाते, हौदा वर जातो, हौसिंग आहे तिथेच. ते वर जायला टायरच मोठा लागतो. स्प्रिंगने उचललं जातं ते बाकीचं सगळं: स्किड प्लेट, गिअरबॉक्स, टाकी, बंपर. हे मला आधी कळलं असतं तर स्पेसरचे पैसे वाचले असते. कोणी गाडी उचलायला निघालं की मी आता हेच सांगते, आधी चुना फासा.

हूक त्याच संध्याकाळी चार बोल्ट काढून उतरवला. आम्ही काही ओढत नाही. सगळ्यात मोठा अडथळा फुकटात गेला.

मग अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरला गेले. तिथले एक मिस्त्री पिकअपच्या सस्पेन्शनचंच काम करतात. त्यांनी गाडीखाली झोपून आधी स्पेसर पाहिले, काही बोलले नाहीत. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "ताई, उंची राहू दे. गाडीत रोज वजन किती असतंय ते सांगा."

हा प्रश्न मला आधी कोणीच विचारला नव्हता. आणि उत्तर देताना माझ्याच लक्षात आलं की वीस क्रेट म्हणजे चारशे किलो, पण ते जेमतेम सहा आठवडे. डिसेंबर ते मार्च मोहोराच्या फवारण्या, तेव्हा हौद्यात दोनशे लिटरचा ड्रम, पंप, नळ्या, म्हणजे अडीचशे किलो. पावसाळ्यात जवळजवळ काही नाही, हत्यारांची पेटी आणि कधी खताची चार पोती. पुढे लोखंडी बंपर नाही, अडकलेली गाडी दोराने ओढणारा विंच नाही.

त्यांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. ऑस्ट्रेलियात डी-मॅक्स भरपूर चालतात, तिथल्या ओल्ड मॅन ईमू, आयर्नमॅन अशा कंपन्यांच्या किटमध्ये मागचे पाटे वजनाप्रमाणे वेगवेगळे मिळतात: रिकाम्या गाडीसाठी, मध्यम ओझ्यासाठी, आणि कायम भरलेल्या गाडीसाठी. पुढच्या कॉइल स्प्रिंगही तशाच, साधा बंपर असेल तर एक, लोखंडी बंपर आणि विंच असेल तर दुसरी. माझं मन जड पाट्यांकडे ओढत होतं. चारशे किलोला बसायलाच नको, एकदाचं काम होऊ दे. मिस्त्री म्हणाले, जड पाटे घातले तर जुलैमध्ये रिकामी गाडी मागून उड्या मारेल, ओल्या घाटात मागची चाकं रस्ता धरणार नाहीत, आणि तुमची कंबर जाईल ती वेगळीच. मध्यम घ्या, अडीच-तीनशे किलोला सपाट बसतील, आणि आंब्याच्या दिवसांत थोडे दबतील ते दबू देत.

हाच खरा निर्णय होता. पुढे 40 मिलिमीटर की 50, हे त्यामानाने सोपं. 40 घेतलं, कारण तेवढ्यात एक्सलचा कोन आवाक्यात राहतो आणि अलाइनमेंट वरचे आर्म न बदलता बसते का ते पाहता येतं. पुढची बाजू उचलली की कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ ठेवणारा चाकाचा कल, कमी होतो, स्पेसरच्या वेळी गाडी हायवेवर सैरभैर व्हायची ती त्यामुळेच. मशीनवर पाहिलं तर आकडे कंपनीच्या मर्यादेत बसले. बसले नसते तर वेगळे वरचे आर्म घ्यावे लागले असते, म्हणजे खर्च आणखी वर. मला शॉकअप स्प्रिंगबरोबर त्याच किटमधले हवेच होते. जुने शॉकअप मऊ स्प्रिंगला आवरण्यासाठी बनवलेले असतात, कडक स्प्रिंग त्यांना जुमानत नाही.

काम दीड दिवस चाललं. मी स्टूल घेऊन शेजारीच बसले. जुने पाटे उतरले तेव्हा दोन पात्यांच्या मधून आमच्या सड्याची लाल माती मूठभर खाली पडली. एक गोष्ट मला फार आवडली. नवीन पाट्यांचे आणि आर्मचे बुशवाले (सांध्यात रबरी नळी असलेले) बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर असताना फक्त हाताने लावले. मग गाडी चाकांवर उतरवली, हौद्यात वाळूची पोती टाकायला लावली, गाडी चार वेळा मागेपुढे केली, आणि त्यानंतर खाली सरपटत जाऊन एकेक बोल्ट टॉर्क पान्याने आवळला. चाक लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली उतरताक्षणी बुशचं रबर पिळलं जातं, आणि कायम पिळलेलंच राहतं. काही महिन्यांत फाटतं. माझ्या पहिल्या दुकानात सगळं जॅकवरच आवळलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

ब्रेकचे पाइप आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लोंबवून ताणल्या जात नाहीत ना ते पाहिलं. हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून खाली घेतला, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काही पिकअपना मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा दांडा असतो, ओझं किती आहे ते उंचीवरून ओळखणारा. गाडी उचलली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. तुमच्या गाडीला असेल तर तो नीट लावून घ्या, हे मी हात जोडून सांगते.

टायर 245/70 आर 16 होते, ते 245/75 आर 16 केले. रुंदी तीच, व्यास सुमारे 25 मिलिमीटरने मोठा, म्हणजे ॲक्सल जेमतेम 12 मिलिमीटर वर. 265 रुंदीचे घ्यायचा मोह होता, पण रुंद टायर आमच्या चाकोरीत घासतो, आणि 245/75 महिंद्रा थारच्या काही मॉडेलना येतो, त्यामुळे मिळायला अडचण नाही. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी आता 82-83 ला असते, हे डोक्यात ठेवावं लागतं.

कायद्याचं स्पष्ट बोलायला हवं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. म्हणून ज्यांना पूर्ण निर्धास्त राहायचंय त्यांनी मूळ उंचीवरच राहून दबलेले पाटे नवीन घालावेत, हूक काढावा, वाट दुरुस्त करावी. मी बदल विमा कंपनीला लेखी कळवला, पोच फाइलमध्ये आहे. जुन्या स्प्रिंग, पाटे, शॉकअप माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेत, कधी परत घालायची वेळ आली तर. आणि आरसीवर लिहिलेली भरल्या गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा गाडी उचलल्याने एक किलोसुद्धा वाढत नाही. पाटे नवीन आहेत म्हणून तीस क्रेट चढवायचे नाहीत, हे मी आमच्या गड्यांना दर हंगामाला बजावते.

खर्च दीड लाखाच्या आतबाहेर गेला, टायर सोडून. स्पेसर, एक्सल आणि खाल्लेले टायर यांचे आधी गेले ते वेगळे.

आता दोन हंगाम झाले. अणुस्कुऱ्याच्या वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा थोडी जास्त कलते, ते मान्य करायला हवं, वेग तेवढा कमी ठेवते. हायवेवर सरळ धावते. ड्रम भरलेला असताना तर इतकी सपाट आणि शांत बसते की पाणी झाकणाखालून हिंदकळत नाही.

या मेमध्ये काकांनी परत चुना कालवला. वीस क्रेट भरून त्याच पाठीवरून गेले, वर थांबून वाकून पाहिलं. स्किड प्लेट कोरडी. मागचा बंपर कोरडा. फक्त हौसिंगच्या तळाला नखाएवढा पांढरा ठिपका. काका काही न बोलता पडवीत गेले, छिन्नी आणि हातोडा घेऊन आले आणि कातळाच्या त्या पाठीवर, पांढरा रंग पुसला गेला होता बरोबर तिथे, बसले. जांभा मऊच, अर्ध्या तासात दोन बोटं उतरला. पुढच्या खेपेला मी क्रेट भरून गेले तेव्हा ते बाजूला गडग्यावर बसून गाडीखाली बघत होते, आणि हाताने "ये, ये" म्हणत होते.