साक्षीपर्यंतची सोबत

मानवी तस्करीतून सुटका झालेल्या स्त्रियांसोबत मुंबईतील एका संस्थेत मी समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. पश्चिम बंगालमधील एका तरुणीला तिच्या खटल्यात साक्ष द्यायची होती. कुंटणखान्यावरच्या पोलीस छाप्यानंतरच्या पहिल्या रात्रीपासून त्या साक्षीपर्यंत मी आणि माझी एक सहकारी तिच्यासोबत होतो. ही सहकारी स्वतः पूर्वी कुंटणखान्यातून बाहेर पडलेली असून आता संस्थेत पगारी पदावर आहे. मुली तिला दीदी म्हणतात. तिच्या पगाराचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण अशा स्त्रियांना व्यासपीठावर स्वतःची कहाणी सांगायला बोलावणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या जाणतेपणाला काम मानून त्याचा मोबदला देणारे थोडे.

छाप्यानंतर सज्ञान स्त्रीला अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम, 1956 च्या कलम 17 नुसार दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाते. तिचे वय, पूर्वायुष्य आणि तिच्या घरची परिस्थिती यांची चौकशी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) करतात, आणि तोपर्यंत ती संरक्षणगृहात राहते. कायद्याने या मधल्या ताब्याला तीन आठवड्यांची मर्यादा घातली आहे. मात्र गृहचौकशीचा अहवाल परराज्यातून यायचा असेल, तर तो वेळेत येईलच याची खात्री नसते. त्या काळात मुलीच्या मनात एकच प्रश्न असतो: गुन्हा घरवालीने, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईने, आणि दलालाने केला, मग कुलूप माझ्या दाराला का? याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे कधीच नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये तीन सज्ञान स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध संस्थेत ठेवण्याचा आदेश रद्द केला. तो निकाल आम्ही अर्जांत आवर्जून मांडतो, कारण स्त्रीची इच्छा नोंदवून घेतली गेली पाहिजे हे प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागते.

या दिवसांत खरे काम दीदीने केले. मी कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी, समुपदेशनाच्या वेळा यांत गुंतलेली असताना ती त्या मुलीशेजारी बसून भाजी निवडत असे आणि विचारले तेवढेच बोलत असे. घरवालीकडे आपल्या नावावर असलेल्या कर्जाचे काय होईल, पोलिसांनी काढलेला फोटो गावात पोहोचेल का, आईला काय सांगायचे, हे प्रश्न मुलीने मला विचारले नाहीत; दीदीला विचारले. ते कर्ज फेडण्याचे कोणतेही बंधन तुझ्यावर नाही, हे वाक्य मीही तिला सांगितले होते, पण स्वतः तसले कर्ज फेडत राहिलेल्या बाईच्या तोंडून आल्यावरच तिला ते पटले.

संरक्षणगृहातून ती घरी परतल्यानंतर बराच काळ खटल्याची काहीच हालचाल नव्हती. आमची मोठी चिंता होती समन्सची. समन्स स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत बजावले जाते, आणि गणवेशातले पोलीस एखाद्या घरी मुंबईच्या खटल्याचा कागद घेऊन गेले, तर साऱ्या गावाला जे कळू नये तेच कळते. पीडितेची ओळख जाहीर करणे हा गुन्हा असला, तरी गावातल्या कुजबुजीवर कोणते कलम लावणार? म्हणून आम्ही सरकारी वकिलांकडे आणि तपास अधिकाऱ्यांकडे लेखी विनंती केली की समन्सची माहिती आधी संस्थेला मिळावी. ती मान्य झाली. तिने स्वतः ठरवलेल्या ठिकाणी कागद स्वीकारला आणि घरी कामाच्या मुलाखतीचे कारण सांगितले. दीदी तिला आणायला हावड्याला गेली.

साक्षीची तयारी हा या कामातील सर्वांत नाजूक भाग आहे. संस्थेने साक्षीदाराला पढवले, असा आरोप उलटतपासात हमखास होतो, त्यामुळे घटनेविषयी तिने काय सांगावे याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. तिचा दंडाधिकाऱ्यांपुढील, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 164 खालचा जबाब सरकारी वकिलांनीच तिला दुभाष्यामार्फत वाचून दाखवला. आम्ही तिला आदल्या दिवशी रिकामे न्यायदालन दाखवले: न्यायाधीश कुठे बसतात, लघुलेखक काय करतात, आरोपीचा पिंजरा कुठे आहे, पडदा कुठे लावला जाईल. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगता येते, आठवत नसेल तर आठवत नाही असे म्हणता येते, पाणी मागता येते, हे दीदीने तिला सांगितले. बलात्काराचे कलम असलेल्या खटल्यात पूर्वीच्या लैंगिक अनुभवांविषयी प्रश्न विचारता येत नाहीत, हेही तिला ठाऊक असणे गरजेचे होते.

सुनावणी बंद दालनात होणार होती, म्हणजे दीदीला आत प्रवेश नव्हता. जुलै 2024 पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 327 मध्ये मात्र विशिष्ट व्यक्तीला हजर राहू देण्याची मुभा न्यायाधीशांना होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 जानेवारी 2022 रोजी असुरक्षित साक्षीदारांची (साक्ष देताना ज्यांना विशेष संरक्षण लागते अशांची) व्याख्या विस्तारून त्यांच्यासाठी स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याचे निर्देश दिले आहेत. या दोन्हींचा आधार घेऊन सरकारी वकिलांनी अर्ज केला. बचाव पक्षाने हरकत घेतली, पण साक्षीदाराशी बोलायचे नाही आणि खूण करायची नाही, या अटीवर दीदीला तिच्या नजरेच्या टप्प्यात बसू दिले गेले.

पहिल्या तारखेला साक्ष झालीच नाही. आरोपीचे वकील गैरहजर होते. मुलीने परत जायचा हट्ट धरला, आणि तो तिचा अधिकार आहे असे दीदीने सर्वांदेखत सांगितले. मी मनातून घाबरले होते. रात्री उशिरा ती स्वतःच म्हणाली की थांबते. पुढच्या तारखेला सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेली साक्ष, झाला आणि उलटतपासही. तू स्वतःच्या मर्जीनेच आलीस ना, हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत तिला पुन्हा पुन्हा विचारला गेला. जुलै 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम 370 स्पष्ट सांगत होते की तस्करीच्या गुन्ह्यात पीडितेची संमती गैरलागू आहे. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्येही तेच आहे. ती कायद्याची भाषा बोलली नाही. शिवणकामाची नोकरी सांगून आणले, त्या नोकरीला मर्जी होती, असे तिने बंगालीत उत्तर दिले आणि दुभाष्याने ते नोंदीसाठी सांगितले.

नुकसानभरपाईचा अर्ज आम्ही निकालाची वाट न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे केला होता, आणि अंतरिम रक्कम मिळाली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत मंजूर रकमेचा 75 टक्के भाग किमान तीन वर्षे मुदत ठेवीत राहतो आणि 25 टक्के हाती येतो. ही तजवीज सावधपणाची असली, तरी शिलाई यंत्र आजच हवे असलेल्या सज्ञान बाईच्या पैशांचा निर्णय दुसऱ्याने करावा, हे मला रुचत नाही. बँक खाते तिच्या एकटीच्या नावावर उघडायचे, हा आग्रह तिने स्वतः धरला.

खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. पुढच्या तारखांची माहिती दीदी तिला तिने सांगितलेल्या वेळेतच फोनवर देते, कारण त्या वेळी घरी दुसरे कोणी नसते.