तुम्ही विचारलंत म्हणून: तालमीत मध्येच बडवत बसणाऱ्याचं काय करायचं?

"आमच्यात एक जण आहे. वाजवतो झकास, पण तालमीची पार वाट लावतो. काय करावं?" हा प्रश्न आपल्या सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात कार्यक्रम करणारे ऑर्केस्ट्रावाले विचारतात, वरातीत वाजवणारे बेंजोवाले विचारतात आणि चार मित्रांनी गिटार-कॅहोन घेऊन नुकताच काढलेला कॉलेजचा ग्रुपही विचारतो. माणूस दर ठिकाणी वेगळा, तक्रार एकच: एक अंतरा बसवायला पाऊण तास जातो.

सगळ्यांना आधी एकच काम सांगतो. पुढच्या तालमीला, सगळ्यांना सांगून, कोपऱ्यात एक मोबाइल रेकॉर्डिंगला लावा. घरी वही घेऊन ऐका आणि मिनिटं मोजा: वाजवणं किती, बोलणं किती, नुसतं थांबून राहणं किती. बहुतेक वेळा कळतं ते असं, की त्याचं बडवणं गाण्यात नसतं, दोन गाण्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात असतं. गायिका वही शोधते आहे, कीबोर्डवाला पट्टी विचारतोय, दोघं मोबाइलला कान लावून मूळ गाणं ऐकतायत. ऑक्टापॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य; ते वाजवणाऱ्याच्या हातात काठ्या आहेत आणि कामाला काही नाही. तो वाजवणारच. मग गायिकेला कीबोर्डचा सूर ऐकू येत नाही, ती ओरडून विचारते, रिकामा वेळ आणखी लांबतो. त्याला झापण्याआधी तो वेळ कमी करा.

दोन तासांची तालीम असेल तर पहिली १५ मिनिटं जोडाजोडीची आणि सूर लावायची. ढोलकी चढवायला वेळ लागतोच. ज्याला जे बडवायचं ते तेवढ्यात बडवून घेऊ द्या. मग ४० मिनिटं फक्त अडलेल्या जागा, १० मिनिटं चहा, ४५ मिनिटं सलग गाणी, उरलेली १० पुढच्या खेपेचं ठरवायला. अडलेल्या जागा म्हणजे गाण्याचे सांधे: म्युझिक संपून अंतरा उचलायची जागा, मेडलीत पट्टी बदलते ती जागा, शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा. मुखडा सगळ्यांना येतोच, पण बरेच ग्रुप प्रत्येक चुकीनंतर पुन्हा मुखड्यापासून सुरू करतात. तिसऱ्या फेरीला कंटाळा येतो आणि कंटाळलेल्या हाताला चाळा लागतो. चुकलेल्या जागेच्या फक्त दोन आवर्तनं, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्या, आधीपासून घ्या. गाणी, पट्टी आणि लय आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर टाका. "काळी १, लय ९६" एवढं पुरतं.

एवढं करूनही चाळा थांबत नसेल तर मिक्सर कामाला लावा. ऑक्टापॅड, कीबोर्ड, गिटार सगळं त्यातूनच जातं. जो गाणं बसवतोय त्याच्या हाताशी मिक्सर ठेवायचा, गाणं थांबलं की सगळ्यांचे चॅनल म्यूट करायचे आणि 'एक-दोन-तीन-चार' म्हणायच्या आधी उघडायचे. म्यूटचं बटण नसेल तर फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली. सगळ्यांचंच बंद होतं, त्यामुळे एकट्याकडे बोट जात नाही. चाळेवाल्याला हेडफोन द्या, मग तो खुशाल आपल्या कानात वाजवत बसेल. इथं एक गफलत नेहमी होते. ऑक्टापॅडला हेडफोन लावला तरी मागच्या आउटपुटमधून आवाज बाहेर जातच राहतो, म्हणून म्यूट लागतंच. ज्या कीबोर्डला स्वतःचे स्पीकर आहेत, त्यातल्या बहुतेकांना हेडफोन खुपसला की ते स्पीकर बंद होतात. ढोलकीला म्यूट नाही. तिथं ठरवून टाका: थांबलो की तळहात पुडीवर.

आवाज चढवणाऱ्याची गोष्ट वेगळी. प्रत्येक गाण्याला याचा व्हॉल्यूम एक काटा वर, मग बाकीच्यांचाही वर, आणि गायिकेचा घसा बसतो. याला लोक आगाऊपणा म्हणतात. मी आधी त्याचे कान आणि ती खोली बघायला सांगेन. आपल्या पूर्व भागातली कितीतरी वादक मंडळी दिवसभर यंत्रमागावर असतात. मागाच्या कारखान्यातला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. कानासाठी ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २. शिफ्ट सुटून थेट तालमीला आलेल्याचे कान बधिर झालेले असतात, त्यात आधी जातात ते बारीक, चढे आवाज. त्याला स्वतःचीच झांज नीट ऐकू येत नाही. "कमी कर की बे" म्हटलं तर तो दोन मिनिटं कमी करतो आणि पुन्हा वाढवतो. त्याचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, जमिनीवरून उचलून कानाच्या रोखानं लावा; आवाज न वाढवता त्याला ऐकू येईल. कामावर कानात बोळे घालायला सांगा आणि जमलं तर तालीम सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेवा.

खोली पत्र्याची असेल तर भिंतीपासून चार बोटं सोडून दोन-तीन जाड सोलापुरी चादरी टांगा. झांजेचा चरचराट कमी होतो. बेसचा घुमारा चादरीला जुमानत नाही; त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढावा लागतो.

तालमीत वाद घालणाऱ्याबद्दल थोडक्यात: आधी तो बरोबर आहे का ते बघा. "गिटार बेसूर आहे" म्हणून पंधरा मिनिटं जुंपते आणि शेवटी निघतं ते असं, की मागच्या गाण्याला कीबोर्डवर ट्रान्सपोज (पट्टी बदलायचं बटण) दोननं वर केला होता तो शून्यावर आणलाच नव्हता. वाद चवीचा असेल, म्हणजे ठेका असा की तसा, तर दोन्ही तऱ्हा एकेकदा रेकॉर्ड करा आणि चहाच्या वेळी ऐका. आपल्याकडे आणखी एक भानगड असते. दोघं आपसात तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलून हसतात आणि तिसऱ्याला वाटतं आपल्यावरच हसले. गाण्याबद्दलचं बोलणं सगळ्यांना समजेल त्या भाषेत, बाकी गप्पा चहाला हव्या त्या भाषेत.

मग बोलायची वेळ येते. टपरीवर, एकट्याला, तालमीच्या दिवशी नाही. "तू नेहमी असंच करतोस" म्हटलं की तो मागच्या तीन वर्षांचा हिशेब काढतो. "परवा अंतऱ्याच्या उचलीवर तू रोल टाकत होतास, तिला सूर सापडला नाही, ती जागा चारदा घ्यावी लागली" याला त्याच्याकडे उत्तर नसतं. सुरुवात कौतुकानं करू नका. "लई भारी वाजवतोस बे" ऐकल्याबरोबर तो 'पण'ची वाट बघायला लागतो. माणूस वयानं मोठा असेल, ढोलकीवाले मामा वगैरे, तर सरळ विनंती करायची: "मामा, ही उचल मला सापडंना, तेवढा वेळ हात थांबवता का?" नाही म्हणणारा क्वचित. आणि ज्याच्या हाताला खरंच खाज आहे त्याला जागा द्या. एखाद्या गाण्यात केरव्याची (आठ मात्रांच्या तालाची) चार आवर्तनं, म्हणजे ३२ मात्रा, त्याच्या एकट्याच्या. त्या बसवायच्या तर त्यालाच बाकीच्यांची शांतता लागते.

उशिराला दंड लावू नका. १०० रुपये ठरले की येणारा शंभराची नोट टेबलावर टाकून ऐटीत अर्धा तास उशिरा येतो. त्यापेक्षा ठरलेल्या वेळेला, आहेत तेवढ्यात, त्याच्याशिवाय सुरू करा. रात्री १० नंतर लाउडस्पीकर वाजवायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे त्याच्यासाठी तालीम पुढे ढकलायलाही वाव नाही. पिऊन आला तर त्या दिवशी त्याला वाजवायला बसवायचं नाही, रिक्षात बसवून घरी पाठवायचं; बोलणं दुसऱ्या दिवशी.

तीन-चार महिन्यांत काहीच हललं नाही तर वेगळं व्हावं लागतं. ते लग्नसराईत किंवा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आठ दिवस आधी करू नका. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात लग्नाच्या सुपाऱ्या नसतात. गणपती-नवरात्रीचे कार्यक्रम धरलेले नसतील तर तेव्हा नवा माणूस बसवायला सवड मिळते. घेतलेल्या सुपाऱ्यांतला त्याचा वाटा त्याच दिवशी हातात द्या, आणि ग्रुपमधून नाव काढायच्या आधी त्याला समक्ष सांगा. ऑक्टापॅड ग्रुपचा असेल तर कोणत्या गाण्याला कोणता किट नंबर, हे त्याच्याकडून वहीत उतरवून घ्या. ते बहुधा त्याच्या एकट्याच्या डोक्यात असतं.