मांडवाखालची फळमाशी

कोकणात परसातला भाजीचा मांडव म्हणजे पावसाळ्यातले हक्काचे घर. मृग लागला की आळी करायची, बिया टोचायच्या, आणि वेल हातभर झाले की बांबू रोवून त्यांना वर चढवायचे. पडवळ, दोडकी, कारली, काकडी हे चार वेल रत्नागिरीकडच्या बहुतेक घरांत असतात आणि आमच्याकडेही आहेत. या वेलांच्या तक्रारी घेऊन शेजारपाजारचे लोक येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "औषध कुठलं मारू?" या प्रश्नाचे उत्तर फवारणीच्या पंपात फारसे सापडत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. निदान फळमाशीच्या बाबतीत तरी ते मांडवाखालच्या जमिनीवर शोधावे लागते.

फळमाशीने डंख केलेले कोवळे पडवळ हातात घेऊन नीट पाहावे. सालीवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असतो आणि त्यातून मधाच्या रंगाचा डिंकासारखा थेंब बाहेर आलेला असतो. फळ त्याच जागी वाकू लागते, कारण आतला गर तिथे वाढायचा थांबतो. एक-दोन दिवसांत सालीखालच्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि गर पोखरत जातात. फळ पिवळे पडून सडते, गळून पडते, आणि पूर्ण वाढलेल्या अळ्या त्यातून बाहेर पडून मातीत शिरतात. या अळ्या शरीराची कमान करून चक्क उड्या मारतात. सडके पडवळ चिरून ठेवले तर हे कोणालाही दिसेल. मातीत थोड्या खोलीवर त्यांचा कोष होतो आणि त्यातून नवी माशी बाहेर येते. म्हणजे अंडी सालीच्या आत, अळी गराच्या आत आणि कोष मातीत. फवारा जिच्यापर्यंत पोहोचू शकतो अशी एक माशीच तेवढी उरते आणि ती उडून जाते.

त्यात आमच्याकडचा पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी फवारलेले संध्याकाळपर्यंत पानावर टिकत नाही. म्हणून मी रोज सकाळी मांडवाखाली एक फेरी मारते, गळलेले प्रत्येक फळ उचलते आणि वेलीवर वाकडे झालेले, डिंक आलेले फळही खुडते. ही फळे खतखड्ड्यात टाकणे म्हणजे माशीची पुढची पिढी आपणच पोसणे होय. ती साबणाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत काही दिवस बुडवून ठेवावीत, किंवा दीड-दोन फूट खोल पुरून वरची माती घट्ट दाबावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, परंतु ते नेमाने करणाऱ्या घरात आणि न करणाऱ्या घरात पडवळांचा फरक डोळ्यांना दिसतो. शेजारच्या काकूंनीही हा नेम धरला तेव्हा दोन्ही परसांना त्याचा उपयोग झाला, कारण माशी गडगा ओलांडून येतेच.

सापळ्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आंबा बागायतदारांच्या ओळखीचा आहे, आणि बागेतला तोच सापळा आणून अनेक जण मांडवाला टांगतात. परंतु आंब्याच्या फळमाशीसाठी त्यात मिथाइल युजेनॉलचे आमिष असते, तर वेलवर्गीय भाज्यांवरची माशी वेगळी असून ती क्यू-ल्युअर नावाच्या आमिषाकडे येते. डबा तोच चालतो, आमिष मात्र वेगळे मागून घ्यावे लागते. शिवाय दोन्ही आमिषांकडे नरच येतात, त्यामुळे फळे वेचण्याचे काम सापळ्यामुळे टळत नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फळाला पिशवी घालणे. फूल वाळून फळ बोटाएवढे झाले की जुन्या मच्छरदाणीच्या किंवा पातळ सुती कापडाच्या पिशवीत ते घालून देठाशी सैल गाठ मारावी. वर्तमानपत्राची पिशवी पावसात विरघळते. पडवळाला लांब बाहीसारखी पिशवी शिवावी लागते आणि ते सरळ वाढावे म्हणून टोकाला दगड बांधायचा असेल तर तो पिशवीबाहेरून बांधावा.

बाकीच्या किडींचा त्रास त्या मानाने आवरण्यासारखा आहे. रोप दोन पानांवर असताना लाल भुंगेरे येतात आणि एका दिवसात पानांची चाळण करतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचता येतात. उघडीप असेल तर चुलीतली राख पानांवर भुरभुरावी. मावा दिसला तर निंबोळी अर्क चालतो. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीच्या गराची भुकटी रात्रभर भिजवून गाळावी, त्यात थोडा साबण घालावा आणि पानांच्या खालच्या बाजूला फवारावे. उन्हात त्याचा गुण लवकर जातो म्हणून संध्याकाळ बरी. मात्र दोडक्याची फुले संध्याकाळी आणि पडवळाची रात्री उमलतात, पतंग त्यांच्यावर येतात, तेव्हा फुलांवर फवारा जाऊ देऊ नये. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर ते झाड उपटावे, कारण त्या विषाणूवर औषध नाही आणि पांढरी माशी तो शेजारच्या झाडावर नेते. गोगलगायी रात्री विजेरी घेऊन, हातमोजे घालून वेचाव्यात. त्यांच्यावर मीठ टाकण्याच्या प्रथेला माझा विरोध आहे, कारण ते मीठ शेवटी आपल्याच आळ्यात उतरते. वानरांवर मात्र माणसाच्या राबत्याखेरीज दुसरा उपाय मला दिसलेला नाही.

नवरात्रानंतर वेल उतरले की मांडवाखालची माती चार बोटे खोल उकरून उन्हात उघडी ठेवते आणि कोंबड्यांना तिथे मोकळे सोडते. त्या कोष टिपून खातात. पुढच्या वर्षीची आळी परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात करते, आणि बियाण्यासाठी राखलेले पडवळ पूर्ण पिकून लाल होईपर्यंत पिशवीतच ठेवते.