प्रेअरीवरची गावकी

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगहून अमेरिकेच्या सीमेकडे निघालं की तास-सव्वा तासात आल्टोना लागतं. मुलूख परातीसारखा सपाट. रस्ते काटकोनात, शेतं चौकोनी, आणि चौकोनागणिक एखादंच घर. शेजाऱ्याचा दिवा दिसतो, हाक मात्र पोचत नाही. सरकारने ही गवताळ सपाटी, म्हणजे प्रेअरी, वसवली तीच अशी: दहा डॉलर भरा, १६० एकर घ्या, तीन वर्षं त्याच जमिनीवर राहून ती कसा, मग ती तुमच्या नावावर. 'त्याच जमिनीवर राहून' या अटीने इथे गाव नावाची गोष्ट उगवूच दिली नाही.

म्हणून आल्टोनाजवळच्या नॉयबर्गथालमध्ये शिरलं की आपल्याकडच्या माणसाला एकदम बरं वाटतं. एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना ओळीने घरं, उंच कॉटनवुडची झाडं, आणि काही घरांना पाठीमागे चिकटलेला गोठा. स्वयंपाकघरातून दार उघडलं की माणूस थेट जनावरांत. उणे तीस तापमानात दूध काढायला बाहेर पडावं लागत नाही, यातलं शहाणपण इथला एक हिवाळा काढल्यावर पटतं. १८७६ साली मेनोनाइट लोकांनी वसवलेलं हे गाव १९८९ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. लोक येतात ते घर-गोठ्यांचे फोटो काढायला. मी अडकलो ते दुसऱ्याच गोष्टीत: हे गाव चालवत कोण होतं?

आधी थोडी पार्श्वभूमी. मेनोनाइट हा सोळाव्या शतकात युरोपात निघालेला ख्रिस्ती पंथ. बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यायचा, शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही. यातले बरेच जण प्रशियातून रशियाच्या दक्षिणेला, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, गेले. तिथे काही पिढ्यांपूर्वी मिळालेल्या सवलती १८७०च्या सुमारास झारशाही काढून घेऊ लागली आणि सक्तीच्या लष्करी सेवेचं वारं वाहू लागलं. १८७३ मध्ये त्यांचे बारा प्रतिनिधी अमेरिका-कॅनडा पाहून गेले. ओटावाच्या शेतकी खात्याच्या जॉन लो यांनी त्यांना आश्वासनांचं पत्र दिलं: लष्करी सेवेतून सूट, सलग जमीन, धर्म आणि शाळा त्यांच्या मर्जीप्रमाणे. १ ऑगस्ट १८७४ ला पहिली आगबोट रेड आणि रॅट नद्यांच्या संगमावर लागली, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत सुमारे सात हजार माणसं मॅनिटोबात उतरली. नदीच्या पूर्वेला एक राखीव मुलूख, पश्चिमेला दुसरा. जमीन 'रिकामी' होती असं जुन्या स्मरणिकांत सर्रास लिहिलेलं सापडतं. ती रिकामी नव्हती. १८७१ च्या पहिल्या तहाने ती अनिशिनाबे आणि इतर मूळ लोकांकडून सरकारकडे आली होती, आणि मेटी, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाच्या, लोकांचा वावर शेजारीच होता.

आता मूळ मुद्दा. या मंडळींना रशियातल्यासारखं गाव हवं होतं. जमीन कायद्यात एक वाट होती: एकत्र वस्ती करून राहणाऱ्यांना स्वतःच्या तुकड्यावर राहण्याची अट सोडता येत असे. तिचा फायदा घेऊन पंधरा-वीस-पंचवीस कुटुंबांनी आपापले १६० एकर एकत्र केले. एका कडेला गावठाण आखलं, चांगली जमीन पट्ट्या पाडून वाटली, जेणेकरून कोणाच्या वाट्याला नुसतं पाणथळ यायला नको, आणि उरलेलं गायरान सगळ्यांचं ठेवलं. सरकारी दप्तरात मात्र प्रत्येक तुकडा एकेका माणसाच्याच नावावर राहिला. कागदावर चौकोन, जमिनीवर पट्ट्या. पुढचं सगळं या विसंगतीतून आलं, म्हणून ती लक्षात ठेवा.

गावच्या प्रमुखाला म्हणत शुल्त. तो वंशपरंपरेचा पाटील नव्हे. गावातले जमीनवाले त्याला एक-दोन वर्षांसाठी निवडून देत. गावसभा म्हणजे शुल्तेबॉट, आणि ती बहुधा शुल्तच्याच घरी भरे. सभेची चिठ्ठी एका घरातून शेजारच्या घरी, तिथून पुढच्या घरी अशी सरकत जाई. सभेत बोलायचं, भांडायचं, शेवटी बहुमताने ठरवायचं. विषय पाहिले तर आपल्या कुठल्याही ग्रामसभेत शोभतील: गुरं चरायला कधी सोडायची, कुंपण कोणी दुरुस्त करायचं, चर कोणी खणायचा, मास्तरला पगार किती आणि सरपण किती, गुराखी कोण.

गुराख्याचं काम मला फार आवडलं. गाव त्याला हंगामासाठी ठेवी आणि मालकाला जनावरामागे पैसे पडत. सकाळी तो गावाच्या एका टोकाकडून निघे, घराघरांतून गाई रस्त्यावर येत, आणि दुसऱ्या टोकाला पोचेतो सगळं खिल्लार जमलेलं असे. कोकणात किंवा देशावर वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. शेणाचंही तसंच. पश्चिमेकडच्या भागात झाडं जवळपास नव्हतीच, तेव्हा शेण-गवताच्या वड्या पाडून, वाळवून, घरातल्या विटांच्या चुलीत जाळत. युरोपातून आलेली माणसं प्रेअरीवर गोवऱ्या लावत होती!

रस्ता, पूल, चर ही कामं पैशांत नाही, अंगमेहनतीत वसूल होत. ज्याची जमीन जास्त त्याने माणसं-बैल जास्त द्यायचे. याचा एक नमुना आजही दाखवतात. पश्चिमेकडच्या मुलखात सगळ्या गावांच्या वर एक मुख्य प्रमुख असे, ओबरफोरश्टेहर. पहिला होता इसाक म्युलर. हिमवादळात वाट चुकून माणसं गोठून मरत, म्हणून १८७८ मध्ये त्याने सीमेवरच्या एमर्सनपासून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटेवर खांब रोवायला लावले. कामाचे भाग गावांवर वाटून दिले. विनिपेगमधल्या सरकारने एक पैसा द्यायच्या आधी त्या वाटेला खुणा झाल्या. तो रस्ता पुढे पोस्ट रोड, म्हणजे खांबांचा रस्ता, म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

आगीचीही व्यवस्था होती. घर, गोठा आणि गवताची गंजी एकाच छपराच्या रांगेत म्हटल्यावर ठिणगीला किती वेळ लागणार? म्हणून आगीसाठी वेगळा कारभारी नेमलेला. तो घरोघरी जाऊन धुराडी आणि राख तपासायचा. कोणाचं घर जळलं तर बाकीच्यांनी आपापल्या मालमत्तेच्या प्रमाणात वर्गणी भरायची. नफा नाही, एजंट नाही.

पण माझ्या मते सगळ्यांत चतुर संस्था होती ती अनाथांच्या मालमत्तेची, वाइझेनअम्ट. ही गावाची नव्हे, मंडळीची, म्हणजे चर्चची. पण गावच्या संसारात तिचा हात सगळीकडे. आई किंवा बाप गेला की तिचे कारभारी येत, भांड्याकुंड्यांपासून बैलांपर्यंत यादी करत. निम्मं मागे राहिलेल्या जोडीदाराचं, निम्मं मुलांचं, आणि त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. लहान मुलांवर पालक नेमत आणि त्यांचा पैसा सज्ञान होईपर्यंत सांभाळत. तो पैसा नुसता पेटीत न ठेवता गावकऱ्यांनाच व्याजाने देत. म्हणजे बँक नसलेल्या मुलखात पोरक्या पोरांच्या पैशावर शेजाऱ्याचा नांगर यायचा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः समान वाटा महाराष्ट्राने १९९४ ला दिला आणि देशाने २००५ ला, हे आठवलं की गप्प बसावं लागतं. अर्थात ही पेढी अमर नव्हती. १९३० च्या मंदीत कर्जं बुडाली आणि वेगवेगळ्या मंडळींच्या अशा काही पेढ्याही बुडाल्याच.

एवढं वाचून कोणी म्हणेल, वा, रामराज्य. तसं नव्हतं. शुल्तेबॉटमध्ये मत होतं ते जमीनवाल्याला. गावाच्या टोकाला भूमिहीनांची छोटी घरं असत, सुतार, मजूर, नव्याने संसार मांडलेले. त्यांचं गायरानात जेमतेम एखादं जनावर आणि सभेत मत शून्य. आपल्या मिरासदार आणि उपऱ्यांच्या जुन्या भानगडीची आठवण व्हावी असंच. बायकांचंही तेच. मुलगी भावांच्या बरोबरीने जमीन वारसाने घेऊ शकली तरी त्या जमिनीबद्दल सभेत बोलायला नवरा जाणार.

आणि आणखी एक गंमत. ही लोकशाही त्यांची स्वतःची, धर्मातून आलेली, असं इथल्या अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात गावप्रमुख, त्याचे सहायक, वरचा प्रमुख ही शिडी रशियन सरकारने सगळ्याच परदेशी वसाहतींवर बसवलेली होती. तिथे शुल्तच्या मागे झारचा दंडुका असे. दंड, फटके, कोठडी, काय वाट्टेल ते. मॅनिटोबात आल्यावर दंडुका गेला आणि शिडी राहिली. कॅनडाच्या कायद्याला शुल्त नावाचा माणूस ठाऊकच नव्हता. त्याने ठरवलेला दंड कोणी भरला नाही तर कोर्ट त्याच्या बाजूने उभं राहणार नव्हतं. उरलं काय, तर शेजाऱ्यांची सही असलेला करारनामा आणि मंडळीतून बहिष्कृत होण्याची भीती. चर्चमधून बाहेर काढलेल्या माणसाशी कोणी व्यवहार करत नसे, आणि चौफेर बर्फ असताना ही शिक्षा हलकी नाही. निवड, चर्चा, बहुमत यांची तारीफ जरूर करावी, पण हे राज्य मुख्यतः या भीतीवर चाललं, असं मी म्हणेन.

भीती टिकली तोवर गाव टिकलं. १८८० च्या दशकात प्रांताने नगरपालिका स्थापन केल्या. पश्चिमेकडच्या कडव्या मंडळीने त्यात भाग घ्यायलाच नकार दिला; शुल्त आमचा, तुमची निवडणूक तुमच्याकडे. दुसऱ्या गटातल्यांनी मात्र सरकारी व्यवस्थेशी जमवून घेतलं. काही वर्षं एकाच रस्त्यावर दोन कारभार चालले: एक करपावतीवाला, एक चिठ्ठीवाला. मग गव्हाचा भाव चढला, रेल्वे आली, आणि एखाद्या धडाडीच्या शेतकऱ्याला दप्तरातला आपला चौकोन आठवला. त्याने पट्ट्या सोडून १६० एकर मागितले, तर त्याला रोखायला सभेकडे कायद्याचं काहीच नव्हतं. एक गेला की पट्ट्यांचं गणित मोडतं, गायरान फाटतं, आणि बाकीच्यांना राहून परवडत नाही. शंभराच्या वर वसलेल्या गावांपैकी बरीच अशीच विरघळली. स्टाइनबाख पूर्वेकडचं, अठरा कुटुंबांचं खेडं. आता ते शहर आहे. तिथे मेनोनाइट वारशाचं खुलं संग्रहालय आहे, पवनचक्कीसकट, आणि शेजारच्या दुकानांतून तुम्हाला पंजाबी आणि फिलिपिन्सची टॅगलॉग ऐकू येते.

शेवटचा घाव शाळेवर बसला. १९१६ मध्ये मॅनिटोबाने इंग्रजी सक्तीची केली. मेनोनाइटांनी १८७३ चं पत्र काढून दाखवलं. तेव्हा कळलं की पत्रात शाळांबद्दल दिलेली मोकळीक मंत्रिमंडळाच्या अधिकृत आदेशात उतरताना 'कायद्यात तरतूद असेल त्याप्रमाणे' एवढ्या शब्दांनी बदलली होती, आणि शिक्षण हा विषय मुळात प्रांताचा होता. ज्या लोकांनी आपला सगळा कारभार शब्दावर चालवला त्यांना हा शब्दांचा खेळ कसा वाटला असेल, याची कल्पना करा. दंड झाले, काही जण तुरुंगात गेले. १९२२ पासून कडव्या मंडळीतल्या काही हजार जणांनी गाड्या भरल्या आणि मेक्सिकोतल्या चिवावामध्ये गेले; १९२६-२७ ला आणखी काही पॅराग्वेत. जाताना गावांची नावंही बरोबर नेली.

तिथे गावाची जमीन त्यांनी वसाहतीच्या मालकीची ठेवली. एखाद्याने उठून आपला चौकोन मागावा अशी सोयच नको, हा धडा मॅनिटोबाने दिला होता. मेक्सिको आणि बोलिव्हियातल्या जुन्या वळणाच्या वसाहतींत अजून प्रमुख निवडला जातो, सभा भरते. मात्र कुटुंबं मोठी, जमीन तेवढीच, त्यामुळे भूमिहीनांची संख्या वाढत राहते, आणि दर पिढीला कोणी ना कोणी नवी वसाहत शोधत दक्षिणेला सरकतं.