तुम्ही विचारलंत म्हणून : टीव्ही सोडून प्रोजेक्टर कशाला?

"पण मग टीव्हीच का नाही घेतला?"

हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, गच्चीवर कुरड्या वाळत घालताना शेजारच्या वहिनी विचारतात. पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "दिवसा दिसत नाही ना पण त्यावर?" विचारणारं नात्यातलं असलं की तिसरं वाक्यही येतं, २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलचं. त्या दुपारची गोष्ट आमच्या गोतावळ्यात सगळ्यांनी सगळ्यांकडून ऐकली आहे. माझ्याकडून कुणी ऐकलेली नाही.

आधी सरळ उत्तर देते. आमच्याकडे टीव्ही सकाळी लागायचा आणि रात्री बंद व्हायचा. बघत कुणी नसायचं. जेवताना, अभ्यासाच्या वेळी, पाहुणे बोलत असतानाही तो आपला चालूच. मला हॉलमध्ये अशी वस्तू हवी होती जी मुद्दाम लावावी लागते. दिवे मालवायचे, सगळ्यांनी बसायचं, दोन तास एकच गोष्ट बघायची आणि नंतर भिंत पुन्हा भिंत व्हावी. एवढंच माझं कारण. सासूबाईंच्या खोलीत त्यांच्या मालिकांसाठी ३२ इंची टीव्ही आहे. तो दाखवून लोक म्हणतात, "मग टीव्ही आहेच की!" आहे. त्यांच्या मालिका दुपारी एकला असतात, आणि दुपारी एकला प्रोजेक्टर लावण्यात अर्थ नाही हे मी कधीच नाकारलेलं नाही.

दुसरा आरोप असा, की घरात एवढी मोठी खरेदी मी परस्पर केली. परस्पर नाही केली. नागपुरातल्या बर्डीतल्या दुकानांत हे माझ्यासोबत होते, फक्त बोलत मी होते. एका दुकानात खोक्यावर '१२,००० लुमेन' छापलेलं होतं. लुमेन म्हणजे उजेडाचं माप. मी विचारलं, "अँसी लुमेन किती?" दुकानदारानं ह्यांच्याकडे बघून उत्तर दिलं, "सर, पिक्चर एकदम चकाचक आहे." अँसी ही उजेड मोजायची ठरलेली पद्धत, तीत पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येक भागातला उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. आतल्या दिव्याचा उजेड वेगळा आणि भिंतीवर पोचणारा वेगळा. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा पहिला असतो, कधीकधी तोही नसतो. '4K सपोर्ट'चं तसंच. म्हणजे 4K सिग्नल आत जातो. बाहेर भिंतीवर पडतं ते यंत्राच्या मूळ रिझोल्यूशनचं, म्हणजे यंत्रात आडवे-उभे जितके ठिपके असतील तितक्यांचंच, स्वस्तातल्या यंत्रात १२८० बाय ७२० सुद्धा. मी मूळ १९२० बाय १०८० चा, एलईडी दिव्याचा घेतला. दिवा वीस हजार तास सांगतात, आणि जुन्या दिव्यांसारखा तीन-चार हजार तासांनी नवा बसवावा लागत नाही.

'स्मार्ट'वर मी अजिबात पैसे मोजले नाहीत, हे मात्र ठासून सांगते. आतली अॅप्स दोन वर्षांत म्हातारी होतात, भिंग आणि दिवा होत नाहीत. शिवाय पुष्कळ यंत्रांना नेटफ्लिक्सची अधिकृत मान्यता नसते. मग ते अॅप एकतर चालतच नाही, नाहीतर चित्र ४८० ओळींवर उतरतं, आणि शंभर इंचांवर ४८० ओळी म्हणजे माणसांच्या चेहऱ्यावरून नाक-डोळे पुसल्यासारखं दिसतं. मागे एचडीएमआयमध्ये ही अॅप्स चालवणारी वेगळी स्टिक लावली की प्रश्न मिटतो. आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर लावाल तर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. तार टाका.

आता ती दुपार.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार. दिवाळी नुकतीच आटोपली होती, भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, आणि जाऊबाई मुलांना घेऊन अजून इथेच होते, नणंद पुसदहून आलेली. आपण एकही सामना न हरता फायनलला गेलो होतो. आमच्याकडे भिंतभर पडदा म्हणून सगळे आमच्याकडे. गल्लीतली पोरंही आली. सतरंज्या टाकल्या, चिवड्याचा डबा मधोमध. आणि सामना दुपारी दोनला सुरू झाला.

आमच्या हॉलला दक्षिणेकडे मोठी खिडकी आहे. नोव्हेंबरात दुपारचं ऊन तिथून तिरपं थेट आत येतं. मी पडदे ओढले होते, वर चादर टाचली होती. पण दर पाच मिनिटांनी कुणीतरी दार उघडून आत यायचं आणि प्रत्येक वेळी मैदानावरचं गवत नाहीसं व्हायचं. निळे जर्सीवाले धुतल्या कपड्यासारखे फिके. खालची स्कोअरची पट्टी वाचता येत होती. बॉल दिसत नव्हता. वनडेचा बॉल पांढरा असतो आणि आमची भिंतही पांढरी.

यात यंत्राचा दोष नव्हता, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. चित्रात जिथे काळं आहे तिथे तो फक्त उजेड टाकायचा थांबतो, मग तिथे भिंत जेवढी अंधारी असेल तेवढाच काळा दिसतो. शंभर इंची चित्र म्हणजे पावणेतीन चौरस मीटर भिंत. पडदे ओढूनही तिच्यावर २०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला २०० लुमेन, उजेड पडत असेल, तर साडेपाचशे लुमेन नुसत्या खिडकीचे झाले. साधारण तेवढेच माझ्या प्रोजेक्टरचे. खिडकी आणि यंत्र एकाच भिंतीवर बरोबरीनं उजेड टाकत असतील तर बॉल दिसणार कुठून? हे सगळं मी त्या दिवशी समजावत होते. कुणाला ऐकायचं असतं तेव्हा!

त्यात दुसरं दुखणं. आम्ही सामना इंटरनेटवर बघत होतो आणि शेजारचे काकाजी डिशवर. इंटरनेटचं चित्र मागे असतं. दहाव्या षटकात रोहितनं मॅक्सवेलला सिक्स मारला, मग फोर मारला. आमची पोरं उड्या मारत होती आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून "अरे अरे अरे!" आलं. आमच्या भिंतीवर मॅक्सवेल अजून बॉलिंगला निघालाही नव्हता. खोलीतला प्रत्येक जण थिजला. मग तो आला, रोहितनं उंच मारला, हेड मागे पळत गेला, आणि आम्ही आउट झालेल्या माणसाला आउट होताना बघितलं.

भासरे उठले. "चला जी, काकाजींकडे पाहू. इथं काही दिसून नाही राहिलं." रागानं म्हणाले नाहीत, हे मला कबूल केलं पाहिजे. जेवायला बसा म्हणावं इतक्या साधेपणानं म्हणाले. पोरं आधी पळाली. नणंद माझ्याकडे बघत उठली, जाऊबाईंनी चिवड्याचा डबा उचलून सोबत नेला. हे यजमान म्हणून दारात उभे राहिले आणि मग तेही, "दोन ओव्हर पाहून येतो," म्हणून गेले. काकाजींकडे जिना चढावा लागतो, म्हणून सासूबाई राहिल्या. त्या बराच वेळ भिंतीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला तर रेडिओसारखं ऐकू येते ना, पुरे झालं." तुम्ही लावा ना टीव्ही आत, असं मी म्हणाले, तर म्हणाल्या, "नाही, चालू दे."

मी बंद का नाही केला, असं मुलानं नंतर विचारलं. हट्ट होता. विराट ५४ वर बोल्ड झाला तेही मी त्या फिकट भिंतीवरच बघितलं, शेजारून आधी ऐकून. आपण २४० ला आटोपलो तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं.

आणि मग साडेपाचनंतर चित्र वर आलं. मी काही केलं नाही, सूर्य मावळला. गवत हिरवं झालं, बॉलची शिवण दिसू लागली, गॅलरीतल्या निळ्या गर्दीतला एकेक चेहरा वेगळा झाला. मुलगा कशालातरी घरी आला होता, तो दारातच थांबला आणि उलट पावली सगळ्यांना बोलवायला धावला. आले सगळे. शमीनं वॉर्नरला काढलं, बुमरानं मार्श आणि स्मिथला. ४७ ला ३. त्या वेळी आमच्या हॉलमध्ये जे झालं ते कुठल्याही ५५ इंचात झालं नसतं. माणसाएवढा बुमरा भिंतीवरून धावत येत होता आणि सतरंजीवरची पोरं मागे सरकत होती. शेजारचा आवाज तेव्हाही आधी येत होता, पण आता तो आनंदाचा होता, आणि चार क्षण आधी कळलेली विकेट पुन्हा बघायला कुणाची हरकत नव्हती.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. हेड १३७, लाबुशेन टिकून राहिला, सहा विकेटनी हरलो. लोक गुपचूप पांगले. चित्राबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, काढायची वेळही नव्हती. माझी तक्रार एवढीच आहे की त्या दिवसातली दुपार तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. "तुमच्या त्या प्रोजेक्टरवर मॅच दिसली नव्हती ना?" निम्मी दिसली नव्हती. निम्मी अशी दिसली की तशी मी कधी पाहिली नव्हती.

मग तुम्ही म्हणाल, जास्त लुमेनचा घ्यायचा. घ्या, पैसे असतील तर. पण हिशेब बघा. पडदा डोळ्यांना किती उजळ दिसतो ते निट्समध्ये मोजतात. सिनेमाच्या पडद्यासाठी ठरलेली उजळता ४८ निट्स आहे. चांगला टीव्ही ३०० च्या पुढे सहज जातो. ४८ निट्सवर माणसं शंभर वर्षं डोळे पुसत, शिट्ट्या मारत सिनेमे बघत आली, कारण थिएटरात अंधार असतो. शंभर इंचांना अंधारात चार-पाचशे खरे लुमेन पुरतात. उजेडात दोन हजारही कमीच वाटतील. म्हणून कुणी "कोणता घेऊ?" म्हणालं की मी आधी "खिडकी कुठल्या दिशेला?" असं विचारते, आणि लोकांना वाटतं मी उत्तर टाळते आहे.

आता आपल्या नागपूरची अडचण, जी कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या यंत्रासाठी सोन्यासारखे. एप्रिलपासून खरी परीक्षा. कूलर खिडकीत बसतो, आणि आत आलेली हवा बाहेर जायला समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोली नुसती चिकचिकते. म्हणजे गारवा हवा तर उजेड घ्या, अंधार हवा तर उकडून घ्या. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. ज्या गावात २०१३ च्या मेमध्ये ४७.९ अंश नोंदले गेलेत, तिथे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, रात्री नऊलाही खोली त्या काठावर असते. मग आतला पंखा किंचाळतो, उजेड आपोआप मंदावतो, कधी यंत्र स्वतःच बंद होतं. कूलरच्या झोतात ठेवलं तर गार राहतं, पण त्या ओल्या हवेत आपल्या बोअरच्या पाण्याचे शिंतोडे असतात, ते भिंगावर पांढरे वाळतात. मी तो समोरच्या भिंतीवर फळीवर ठेवलाय, मागे वीतभर मोकळी जागा सोडून. धुळीसाठी आतला भाग बंदिस्त असलेलाच घ्या. आपल्याकडचं एक वादळ पुरतं, चित्रात कायमचा डाग बसायला.

फळी मात्र मोजून ठोका. माझ्या यंत्राचं प्रमाण १.२ आहे : जितकी चित्राची रुंदी, त्याच्या १.२ पट अंतर. शंभर इंची चित्र २ मीटर २१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे अंतर २ मीटर ६५. तिरपा ठेवून कीस्टोन नावाच्या सोयीनं चौकोन सरळ करता येतो, पण त्यात चित्राच्या कडेचे पिक्सेल वाया जातात. विकत घेतलेले पिक्सेल का टाकायचे?

एका बाबतीत माझं माझ्याशीच भांडण आहे. घेताना मी १२० इंचांवर अडून होते. नंतर हिशेब केला : १२० इंची चित्राचं क्षेत्रफळ १०० पेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त, आणि तेवढाच उजेड त्यावर पसरायचा. म्हणून शंभरवर आले. पण डिसेंबरच्या रात्री, सगळे झोपल्यावर, मी कधीकधी यंत्र मागे सरकवून स्टुलावर ठेवते आणि चित्र पार छताला टेकवते. तेव्हा वाटतं, १२० म्हणणारी ती बाई अगदीच वेडी नव्हती. दुसऱ्या दिवशी यंत्र परत फळीवर जातं.

परवा भासऱ्यांचा फोन आला. बेसा रोडला नवा फ्लॅट घेतलाय, "कोणता प्रोजेक्टर घेऊ, सांग बरं." मी खिडकी विचारली. पूर्वेला पूर्ण काचेची सरकती दारं, वर पांढऱ्या फरश्या. मी म्हणाले, तुम्ही टीव्ही घ्या.

"म्हणजे शेवटी मान्य करून राहिली तू."

मी त्यांच्या हॉलबद्दल बोलत होते, माझ्या नाही. हे त्यांना पटलेलं नाही. इकडे मुलानं २०२७ च्या वर्ल्ड कपचा हिशेब मांडलाय. दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, नामिबिया. तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे तिथले दिवस-रात्रीचे सामने आपल्याकडे बहुतांशी अंधारात येतील. सकाळचे मात्र भर दुपारी. त्या सामन्यांसाठी सासूबाईंच्या खोलीतला ३२ इंची बदलून मोठा घ्यायचा का, यावर घरात अजून एकमत नाही. सासूबाईंचं म्हणणं, त्यांच्या खोलीत एवढी माणसं मावणार नाहीत.