तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलची सीट आणि बधिरपणा

टायरमध्ये हवा किती भरायची, गिअर कधी बदलायचा हे प्रश्न सगळ्यांसमोर विचारले जातात. एक प्रश्न मात्र बाकीचे पुढे गेल्यावर, आवाज खाली आणून येतो. "ताई, अर्ध्या तासानंतर खाली काही कळेनासंच होतं. मऊ सीट कुठली घेऊ?" फोंडा, डिचोली, म्हापसा, कुठूनही आलेल्या नव्या सायकलवाल्या बायका मला हे विचारतात. पुरुष विचारतात ते फोनवर, आणि तेही बरंच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर. त्यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिलं सांगणं हे की मऊ सीटच्या मागे लागू नका.

लाकडी पाटावर किंवा दारातल्या पायरीवर बसा आणि दोन्ही हात खाली घालून बघा. दोन टणक हाडं हाताला लागतील. बसल्यावर शरीराचा भार त्यांनी घ्यायचा असतो आणि ती तो खुशाल घेतात. त्यांच्यामधल्या मऊ भागाला मात्र भार सोसत नाही. तिथून प्युडेंडल नावाची नस आणि तिच्यासोबतच्या रक्तवाहिन्या जातात. त्यांच्यावर दाब राहिला की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. जाड जेलच्या सीटवर हाडं आत रुततात आणि मधलं जेल वर येऊन नेमकं तिथेच दाबतं. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलेली मऊ सीट घरापासून बाजारापर्यंत छान वाटते. तासाभराने तीच छळायला लागते. त्यामुळे सीट निवडताना आधी रुंदी बघायची. हाडं सीटच्या टणक भागावर पूर्ण टेकली पाहिजेत.

यावर लोक मला पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, उदाहरण देतात. आमच्याकडे गोव्यात अजूनही काही पोदेर पाव घेऊन सायकलवरच येतात. त्यांची सीट रुंद, खाली स्प्रिंगा, आणि त्यांची काही तक्रार नसते. बरोबर आहे. पोदेर ताठ बसतो, त्याचं हँडल उंच असतं, त्यामुळे सगळा भार मागच्या हाडांवर येतो. शिवाय दर चार घरांनी तो खाली उतरतो. तीच सीट खाली वळलेल्या हँडलच्या सायकलला लावून पुढे वाकून बसलात, तर तिच्या रुंद कडा मांड्यांना घासतील. वाकल्यावर कंबर पुढे झुकते, टेकणारा भाग बदलतो आणि लागणारी रुंदीही कमी होते. म्हणून मैत्रिणीला मानवलेली सीट डोळे मिटून घेऊ नका. तिची हाडंही वेगळी आणि बसणंही वेगळं.

माप घरी घेता येतं. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, पाय थोडे उचलून धरा आणि जरा पुढे वाका. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. बेताचं वाकून चालवत असाल तर त्यात साधारण २ सेंटीमीटर मिळवा, अगदी ताठ बसत असाल तर ४. त्याच्या आसपासच्या रुंदीची सीट बघा. बायकांमध्ये हे अंतर सरासरीने थोडं जास्त असतं, म्हणून पुरुषांच्या मापाची अरुंद सीट लावून आलेली सायकल बऱ्याच जणींना पहिल्या दिवसापासून त्रास देते. मध्ये खाच किंवा भोक असलेली सीट अनेकांना आराम देते. पण काहींना त्या खाचेच्या कडाच रुततात, तेव्हा चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सीटचं पुढचं टोक हाही दाबाचा मोठा भाग आहे. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या, म्हणजे पुढचं टोकच नसलेल्या, सीट दिल्या होत्या. २००८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मागच्या सहा महिन्यांत बधिरपणा अजिबात आला नाही असं सांगणारे पुरुष आधी २७ टक्के होते, नंतर ८२ टक्के झाले. अशा सीटवर सायकल सांभाळायची सवय करावी लागते, म्हणून सगळ्यांना मी त्या सुचवत नाही. पण बधिरपणा ही सायकल चालवण्याची किंमत आहे, सोसायला शिका, असं कोणी सांगितलं तर हे आकडे त्याला दाखवा.

नवी सीट घेण्याआधी आहे ती नीट लावून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. सीट त्याहून उंच असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवी डुलते आणि मधला भाग घासत राहतो. मग सीटचा वरचा भाग पाणसळीने सपाट करा. टोक वर असेल तर नसेवर दाब ठरलेलाच. फरक पडला नाही तर टोक किंचित खाली करा, अगदी किंचित. जास्त उतार दिला की शरीर पुढे घसरतं, भार तळहातांवर येतो आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं.

आणि चालवताना उठत जा! फर्मागुडीचा चढ कोणाला बधिर करत नाही, कारण चढावर आपण आपोआप उठतो. त्रास होतो तो बाणस्तारीच्या पुढे, किंवा दिवाडी बेटावर खाजनाच्या, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतांच्या, कडेने जाणाऱ्या सपाट रस्त्यावर. हवा छान, पाय लयीत, आणि अर्धा तास बूड जागचं हललेलं नसतं. दर १०-१५ मिनिटांनी पेडलवर उभं राहा, चारदोन फेरे मारा, मग बसा. सपाटीवर एक गिअर जड ठेवला तरी थोडा भार पायांवर जातो.

कपड्यांचं थोडक्यात. पॅडची शॉर्ट्स घ्याल तर आत काही घालू नका. आतल्या शिवणीच रुततात. आपल्याकडच्या दमट हवेत ती त्याच दिवशी धुवा, आणि पावसाळ्यात दोन ठेवा, कारण एक वाळायला वेळ लागतो. चामड्याची सीट सुंदर असते, अंगाला हळूहळू बसते, पण भिजली की ताणली जाते आणि आषाढात तिच्यावर बुरशी चढते. पावसात चालवणारीने ती घेऊ नये. स्पंजचं कव्हरही नको, ते दिवसभर पाणी धरून ठेवतं.

उतरल्यावर थोड्या वेळात संवेदना परत आली, तर सीट आणि बसणं सुधारा. दुसऱ्या दिवशीही बधिर वाटत असेल, सूज किंवा गाठ हाताला लागत असेल, लघवीला त्रास होत असेल, तर सायकल बंद ठेवून डॉक्टरांकडे जा. बायकांनो, तिथे "खाली थोडं दुखतं" एवढंच सांगून परत येऊ नका. सायकल चालवता हे सांगा, नेमकं कुठे आणि किती वेळ बधिर राहतं ते सांगा, म्हणजे तपासणी योग्य जागी होईल.