दोन वितींचं रान

पावसाळा सरला की माळ्यावरचे कागद उन्हात घालायचे, हा आमच्या चिपळूणच्या घरातला जुना नेम. 2021 च्या जुलैत वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा माळ्यावर होतं तेवढंच वाचलं. त्यातच आजोबांचा नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाचा, पत्रक क्रमांक 47 जी/10. एक इंच म्हणजे एक मैल. पाठीला कापड, घड्यांवर विरलेला, डांबरगोळ्यांचा वास. डावीकडे खालच्या कोपऱ्यात चिपळूण कसंबसं मावलंय; पूर्वेला सरकावं तसं रानच रान.

आमच्या अंगणातून सह्याद्री निळा दिसतो, कागदावर मात्र तपकिरी. दर 50 फुटांना एक समोच्च रेषा. खाली भातशेतीत त्या ऐसपैस पसरलेल्या, आणि पायथ्याच्या चोरवणे गावाच्या वर इतक्या दाटतात की नुसता डागच उरतो. महाशिवरात्रीला नागेश्वरच्या गुहेकडे चढताना मी त्या डागात चार तास काढलेत. तिथे बोट ठेवलं की अजून धाप लागते. तरी चिपळूण ते वासोटा किल्ला कागदावर दोन वितींच्या आत!

आमच्या पऱ्यांवर, म्हणजे ओढ्यांवर, मात्र अन्याय झालाय. बारमाही पाण्याला निळी शाई, उन्हाळ्यात आटणाऱ्याला काळी. म्हणजे आषाढात म्हशी वाहून नेणारा पऱ्या इथे काळा दोरा. जुलैत येऊन बघा म्हणावं.

मी सगळ्यात जास्त रेंगाळतो ते उजव्या कडेला. तिथे कोयना आहे, पण धरणाआधीची. बारीक निळी रेघ, काठाने पिवळी शेतं, लाल ठिपक्यांची घरं. आता त्यांच्यावर धरणाचा शिवसागर जलाशय आहे, आणि बामणोलीहून वासोट्याला जाणाऱ्या लाँचा त्या घरांवरून जातात. तेच पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि आमच्या वाशिष्ठीला मिळतं. नकाशाला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्या लेखी मधल्या सह्याद्रीच्या कण्याच्या पलीकडचं पाणी कृष्णेला, अलीकडचं आमच्या खाडीला, वाटणी कायमची झालेली.

परवा अंगणात पसरला तर वाऱ्याने फडफडायला लागला. आत्येने चार असोले नारळ आणले आणि चार कोपऱ्यांवर दाबून ठेवले. चिपळूण अख्खं एका नारळाखाली गेलं.